शब्दाला गाव विचारणारे अण्णा

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन धड नाही. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे चौथीपर्यंत जेवढं शिकवलं तेवढंच मला येतं, आणि त्यातलंही निम्मं विसरले. अक्षर तर विचारूच नये. बाटल्या धुऊन धुऊन बोटं जाड झालीत, पेन धरलं की ते आपल्याच वाटेनं जातं. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेवणार आहे. चुकून कुणाच्या हाती पडलं तर चुकांबद्दल माफ करावं. पण बिरूअण्णांबद्दल कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

बिरूअण्णा म्हणजे बिरू कोळेकर. सांगलीत रक्त-लघवी तपासायच्या एका लॅबमध्ये मी बाटल्या आणि काचपट्ट्या धुते, तिथले ते जुने टेक्निशियन. गाव जतकडचं. घरची मेंढरं. भाऊ सगळे मेंढरांमागं गेले, हे एकटे शाळेत टिकले, बारावी सायन्स झाले आणि लॅबचा कोर्स करून सांगलीत आले. उंच, जरा वाकलेले, आणि चेहरा असा की हा माणूस आता आपल्याला काहीतरी वाईट सांगणार असं वाटावं. पण सांगायचे ते एवढंच, की नळ बंद करा.

इतका संशयी माणूस मी दुसरा बघितला नाही. शर्टाच्या खिशाला ते आतून सेफ्टी पिन लावायचे. सुट्टे पैसे दोनदा मोजायचे, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. चहासाठी साखर आणली की ती लॅबच्या काट्यावर ठेवून बघायचे. मग काटा बरोबर आहे का म्हणून त्यावर पितळी वजन ठेवायचे. मग ते वजन झिजलंय का म्हणून डोळ्याजवळ धरायचे. एकदा आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या डॉक्टर, म्हणाल्या, "अण्णा, आता वजन कशावर तपासणार?"

"त्येच बघतोय मॅडम," अण्णा म्हणाले.

मॅडम हसल्या. अण्णा हसले नाहीत.

संशय माझ्याही अंगात आहे, पण माझा वेगळा. माझा संशय इंग्रजी शब्दांवर. माझे वडील माधवनगरला एका गिरणीत कामाला होते. मी चौथीत असताना एक दिवस दुपारीच घरी आले आणि म्हणाले, "ले-ऑफ दिलाय." ऑफ म्हणजे सुट्टी, एवढं आईला ठाऊक होतं. मालकांनी सुट्टी दिली म्हणून तिनं त्या दिवशी शेवयांची खीर केली. आम्ही चौघं भावंडं वाट्या चाटून बसलो. ती सुट्टी संपलीच नाही. जूनमध्ये माझं दप्तर धाकट्या भावाला दिलं. तेव्हापासून कुणी इंग्रजी शब्द बोललं की मी त्याच्या तोंडाकडं बघते, हा काय काढून घेणार म्हणून.

अशी मी, आणि असे ते. लॅबमध्ये माझा पहिलाच आठवडा होता. झाकण लावलेली एक काचेची बशी मी धुवायला उचलली. पलीकडून अण्णा म्हणाले, "ताई, खाली ठेवा. कल्चर हाय त्यात."

हा शब्द मी आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या फलकावर वाचला होता. कल्चरल प्रोग्राम. पोरी नाचतात तो.

"बशीत?" मी विचारलं.

"व्हय. ह्या शब्दानं दोन घरं केल्यात. एक मंडळाच्या स्टेजवर, एक ह्या बशीत. असल्याला आधी विचारायचं, बाबा, आज मुक्काम कुठल्या घरी."

मला वाटलं माझी थट्टा चाललीय. संध्याकाळी शेजारच्या दहावीतल्या मुलीला विचारलं. तिनं पुस्तक काढून दाखवलं, कल्चर म्हणजे संस्कृती. झालं. संस्कृती बशीत ठेवतात होय? अडाणी बाई बघून बनवलं मला. पुढं दोन महिने मी अण्णांचा एक शब्द खरा मानला नाही. चहा झालाय म्हणाले तरी मी आधी भांड्यात डोकावून बघायची.

मग एक दिवस त्यांनी मला बोलावून ती बशी उजेडात धरली. आत पिवळट ठिपके आले होते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.

"हे लघवीतले जंतू. त्यास्नी खायाला घातलं, ऊब दिली, वाढले. रानात पीक काढतो तसं. शेतीच्या इंग्रजी शब्दाच्या शेपटीला पण ह्योच कल्चर बांधलाय. आन् ह्या एकेका ठिपक्याला काय म्हणायचं ठावं हाय? कॉलनी."

"आमच्या गल्लीच्या पाटीवर पण कॉलनी लिहिलंय," मी म्हणाले.

"मग? तुमच्याकडं बी वरनं कोन तर बघत आसंल."

त्यांची एक लांबट वही होती. नवा शब्द कानावर आला की आधी तो वहीत जायचा नाही. नळ्यांना लावायच्या चिकट पट्टीवर तो लिहून फ्रीजच्या कडेला चिकटवायचे. तिथं तो आठ-पंधरा दिवस राहायचा. येता-जाता अण्णा त्याच्याकडं बघायचे. मॅडमना विचारायचे, औषधं विकायला येणाऱ्या पोरांना विचारायचे, पेपरात सापडतो का बघायचे. "ह्याचं गाव कुठलं? बाजारात काय करतो? हितं काय करतो?" असं सगळं कळलं की मगच शब्द वहीत. एका बाजूला बाजारातला अर्थ, दुसऱ्या बाजूला लॅबमधला. सेन्सिटिव्ह हा शब्द बाजारात हळवा, आणि लॅबमध्ये ज्याच्यावर औषध चालतं तो जंतू. "जंतू हळवा निघाला की आपलं भागतं," अण्णा म्हणायचे. कंट्रोल म्हणजे बाजारात रेशनचं दुकान, आणि लॅबमध्ये मशीन खोटं बोलतंय का हे बघायला घातलेलं माहितीचं रक्त. एकदा स्टँडर्ड असं लिहिलेली छोटी बाटली दाखवून म्हणाले, "तुमी कितवी स्टँडर्ड?"

"चौथी."

"ह्या बाटलीला पण स्टँडर्ड म्हणत्यात. म्हंजे बाकीचं सगळं ज्याच्याशी ताडून बघायचं ते. ताई, मॅडमना तुमच्याशी ताडून बघाया पायजे."

हे कौतुक की टोमणा, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वहीपायी लॅबच्या दारावरचा फलक कसा बदलला ते सांगते. आधी त्यावर लिहिलं होतं, "शुगरच्या तपासणीसाठी उपवास करून यावे." एका चतुर्थीला एक काकू आल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात देवळातली पिशवी. अण्णांनी दंडाला पट्टा बांधला आणि सवयीनं विचारलं, "उपवास हाय न्हवं काकू?"

"हाय की. निर्जळी झेपत न्हाई बाबा आता, पर कडक हाय. सकाळी वाटीभर खिचडी, दोन केळी आन् कपभर दूध. बास."

अण्णांनी पट्टा सोडला. "खिचडी कसली काकू?"

"साबुदाण्याची. उपासाला दुसरी कसली आसती?"

अण्णा उठले, दारावरच्या फलकासमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ वाचत होते. मग ओल्या फडक्यानं तो पुसला. "काकूंची चूक न्हाई," म्हणाले. "इंग्रजी फास्टिंगला आपन आपल्या उपासाचा सदरा घातला. बसला न्हाई त्येला." आणि नवीन लिहिलं, "रात्रीच्या जेवणानंतर रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काहीही नको. खिचडी, भगर, केळं, दूध, चहा नको."

आठवड्यानं एक बाई आली. तोंडात काही नाही म्हणाली, पण दात काळेभोर.

"मावशी, मिश्री?"

"ती खाल्ली कुठं? लावली."

फलकावर मिश्री वाढली. मग तंबाखू वाढला. मग प्रसादाचा पेढा वाढला, कारण प्रसाद खाण्यात धरत नाहीत असं एका आजोबांचं म्हणणं होतं. जागा संपत आली तशी अक्षरं मुंगीएवढी झाली. मॅडम म्हणाल्या, "अण्णा, लोक वाचत दारात थांबतात, गर्दी होते."

"थांबू द्यात मॅडम. वाचतोय तवर तरी खाणार न्हाई."

एक नियम मात्र त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. रिपोर्टचा अर्थ पेशंटला सांगायचा नाही. कागद हातात घ्यायचे, उजेडाकडं तिरपा धरायचे, खोटी नोट बघतात तसा, आणि पाकिटात घालून द्यायचे. कुणी कितीही विचारलं तरी एकच उत्तर. "कागद आमी देतो, अर्थ डॉक्टर देतील." मी एकदा म्हणाले, तुम्हाला एवढे अर्थ येतात, सांगितला एखादा तर काय बिघडलं? ते म्हणाले, "ताई, अर्थ मला येतोय. पर त्या माणसाच्या कानात गेल्यावर त्यो काय हुतोय, ते मला कुठं येतंय?"

हे बोललेले अण्णा दोन-अडीच वर्षांमागं एका शनिवारी चुकले.

मंगल म्हणून एक बाई होती. सासर उंब्रजचं, माहेर आमच्या माधवनगरचं. माहेरी आली असताना तिच्या मुलीला, अश्विनीला, चक्कर यायला लागली म्हणून रक्त तपासायला घेऊन आली. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट न्यायला दोघी आल्या, तर ज्या डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली ते बाहेरगावी गेलेले, मंगळवारी येणार.

"तीन दिस मी कशी काढू?" मंगल अण्णांना म्हणाली. "भाऊ, तुमी नुसतं बघून सांगा."

"डॉक्टर सांगतील."

"आवं पोरगीकडं बघा की जरा."

पोरगी बाकावर बसून ओढणीचं टोक चावत होती. अण्णांनी तिच्याकडं बघितलं. मी मोरीत होते, दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. त्यांनी कागद पाकिटातून परत काढला, उजेडाकडं धरला. त्यात खाली एक शब्द होता, अनरिमार्केबल. तो त्यांच्या वहीत होता. ते म्हणाले, "सांगण्यासारखं काय न्हाई."

आणि तोंड तसंच, नेहमीचं.

मंगलनं कागदाच्या चार घड्या केल्या आणि मुलीचा हात धरून निघून गेली. मला वाटलं, बाईचं समाधान झालं.

दीड महिन्यानं ती परत आली, एकटी, हातात जाड फाईल घेऊन. फाईल काउंटरवर आपटली. काउंटरवर प्रियांका म्हणून मुलगी बसते, ती दचकून उभीच राहिली.

"कुठं हाय त्यो उंच माणूस?"

अण्णा हातमोज्यांसकट बाहेर आले.

"माज्या पोरीचं रगात बघून तुमीच म्हनालासा न्हवं, सांगण्यासारखं काय न्हाई? तोंडावर म्हनालासा. भाच्याच्या मोबाईलवर त्यो शब्द घातला, तर त्यो बी म्हनतोय, उल्लेख न करण्याजोगं. मला सांगा, असं कवा म्हनत्यात? मी पोरीला पुण्याला नेली. म्हैस इकली. तिचा बाप लांब कामाला, त्येला धा दिस कळू दिलं न्हाई. सगळ्या तपासण्या झाल्यावर तिथला डॉक्टर मला हसला. म्हनला, बाई, पोरगी ठणठणीत हाय, तुमाला भ्या कुणी घातलं?"

मॅडम बाहेर आल्या. त्यांनी फाईल बघितली, आपला रिपोर्ट बघितला, आणि शांतपणे सांगितलं की रिपोर्ट बरोबरच होता, अर्थ डॉक्टरांना विचारायचा असं पाकिटावर छापलेलं आहे. त्या म्हणाल्या ते खरंच होतं. मंगल डोळे पुसत गेली. अण्णा तिथंच उभे राहिले, हात तसेच वर धरून.

त्या दिवशी त्यांनी फ्रीजला एक नवी पट्टी चिकटवली. तिच्यावर पहिल्यांदाच मराठी लिहिलं होतं. सांगण्यासारखं काही नाही.

"लोकांच्या शब्दांची जन्मभर झडती घेतली ताई," मला म्हणाले. "घरचं तेवढं मोकळं सोडलं."

पुढच्या महिन्यापासून अण्णा दर महिन्याच्या एका रविवारी उंब्रजला जायला लागले. प्रियांकानं त्यांना एस.टी. स्टँडवर बघितलं, इस्लामपूर-कऱ्हाड गाडीच्या रांगेत, खिशावर हात दाबून. ती मला म्हणाली, "मावशी, ती बाई दिसायला बरी होती, नाही का?" पण माझ्या मनात वेगळंच होतं, आणि ते प्रियांकाच्यापेक्षा वाईट होतं. मंगलचं नाव लिहिलेल्या पाकिटात नोटा घालताना मी अण्णांना बघितलं होतं, त्यावरून मला कळलं होतं की ते तिला पैसे द्यायला जातात. शब्दाच्या चुकीला कुणी खिशातले पैसे देतं? मी आजवर तसा माणूस बघितला नव्हता. नक्की काहीतरी दुसरी चूक झाली असणार. रक्त बदललं असेल. काचपट्टी खराब असेल. आणि काचपट्ट्या मी धुते. उद्या हे बाहेर आलं तर टेक्निशियनवर कोण घालणार? मावशीनं पट्टी नीट धुतली नाही, असंच म्हणणार. घरात मी एकटी कमावती. ते काम गेलं असतं तर मी कुठं गेले असते?

तेवढ्यात अण्णांनीच मला विचारलं, "ताई, रविवारी माज्यासंगट उंब्रजला याल का?"

मी हातातली बाटली खाली ठेवली. "कशाला?"

"ती बाई पैसे घेत न्हाई. तीनदा गेलो, तीनदा दारातनं परत लावलं. बाईमाणूस संगं आसंल तर ऐकून तरी घील."

"पण पैसे कशापायी देताय तुम्ही?"

"म्हैस गेली न्हवं तिची."

मला ते खरं वाटलं नाही. पण आपल्याबद्दल तिथं काय बोलणं होतं ते आपल्या कानानं ऐकावं म्हणून गेले. भावजयीला सांगून गेले, कुठं जाते आणि कुणाबरोबर ते. एस.टी.चं तिकीटही फेकलं नाही, जपून ठेवलं.

मंगलचं घर हायवेपासून आत, उसाच्या कडेला. पुढं गोठा, आणि गोठ्यात दावण रिकामी. ती दारातच उभी राहिली, या म्हणाली नाही.

"आलासा परत? ह्या खेपेला बाई घेऊन आलासा व्हय?"

"ह्या आमच्यातच कामाला हायत," अण्णा म्हणाले.

"आसू द्या. मला एक सांगा भाऊ, सरळ सांगा. गेलेला पैसा कोन दारात आणून देतंय ह्या जगात? तुमच्या मशिनीत काय तर घावलंय. पुण्याच्या डॉक्टरला घावलं न्हाई ते तुमाला घावलंय. मी गप बसावं म्हणून देताय पैसे."

मुलगी दाराआड उभी होती. तिच्या गालाची हाडं वर आली होती. रक्त चांगलं असूनही पोरगी खंगली होती, आणि हा माणूस दर महिन्याला पैसे घेऊन दारात येत होता म्हणून आणखी खंगत होती. मी हे बघितलं, आणि जन्मात चारचौघांत तोंड न उघडणारी मी, तोंड उघडलं.

"अण्णा, पट्टी खराब होती का? मी धुतलेली?"

अण्णा माझ्याकडं वळले. मी त्यांच्यावर संशय घेत असेन हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळ्या जगाचा संशय घेणारा माणूस, आणि मला मात्र त्यांनी सोडलं होतं.

"न्हाई ताई," ते म्हणाले. "पट्टी नवी कोरी हुती, पाकिटातनं काढलेली. रगात हिचंच हुतं. मी तीनदा बघितलं, मॅडमनी दोनदा." मग ते गोठ्याच्या कट्ट्यावर बसले, आणि मंगलला न बोलता मुलीला म्हणाले, "बाळ, त्या शब्दाचा अर्थ आसा की वंगाळ म्हणून दाखवावं आसं हितं काय घावलं न्हाई. मी म्हनालो, सांगण्यासारखं काय न्हाई. इंग्रजीला ते बराबर हाय. पर आपल्यात दवाखान्यातनं आलेला माणूस आसं म्हनतोय ते कवा म्हनतोय, हे मला ठावं हुतं. ठावं आसून ध्यानात आलं न्हाई. चूक तेवढीच हाय. दुसरी कायबी न्हाई."

"मग काय म्हनायला पायजे हुतं?" मंगलनं विचारलं.

"पोरगी चांगली हाय."

"एवढंच?"

"एवढंच."

मंगल चौकटीला टेकून खाली बसली. आत बघून म्हणाली, "अश्वे, ऐकलंस का गं?"

"ऐकलं."

"परत एकदा म्हना," ती अण्णांना म्हणाली.

"पोरगी चांगली हाय."

मग तिनं आम्हाला आत घेतलं. चहा झाला. हिशोबावरून दोघांची वादावादी झाली, पण उलटी. अण्णा पुण्याचा सगळा खर्च धरायचा म्हणत होते, आणि ती म्हणत होती, पुण्यात आम्ही जेवलो ते तुमच्या चुकीनं न्हवं, भुकेनं. शेवटी बावीस हजार पाचशेवर दोघं थांबले. अण्णांच्या पगारातून महिन्याला दीड हजाराच्या वर निघत नव्हते. मंगल म्हणाली चालेल, पण फोनवरून धाडायचे नाहीत. "फोनवरनं येत्यात तसे जात्यात बी म्हनं."

"मी पन धाडणार न्हवतो," अण्णा म्हणाले.

"आन् दर म्हयन्याला पोरीला बघायचं, आन् तेवढं म्हनायचं."

पंधरा महिने हे चाललं. त्यातल्या सहा-सात वेळा मी बरोबर गेले. मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, उरलेले मी देते. अण्णा म्हणाले, "शब्द माझा हुता मॅडम." मधेच ते निवृत्त होऊन जतकडं गावी गेले, तरी हप्ता चुकला नाही. तिकडून यायला तीन गाड्या बदलाव्या लागायच्या. मी कऱ्हाडला त्यांना गाठायची. माझा संशय संपला होता असं म्हणणार नाही. एकदा गाडीत त्यांनी नोटा मोजल्यावर मी म्हणाले, द्या इकडं, मी मोजते. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी नोटा दिल्या, मी मोजून होईपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "बरं केलंसा."

शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीच्या आधी दिला. तीच आमची शेवटची भेट. अण्णा आणखी वाकले होते, पायात नव्या वहाणा होत्या आणि त्या चावत होत्या. मंगलच्या गोठ्यात नवी रेडी बांधलेली होती. अश्विनी कऱ्हाडला औषधांच्या दुकानात कामाला लागली होती, तिला त्या दिवशी सुट्टी होती. चहाचे कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "बघा अण्णा, ह्या महिन्यात कशी हाय मी?"

अण्णांनी तिची पापणी खाली ओढून बघितली, जीभ काढायला लावली, नखं बघितली. इतकं ते आधी कधी बघत नव्हते.

"चांगली हाय."

"बाई, मला वाटलं ह्या खेपेला काय तर काढतासा," मंगल म्हणाली.

मग त्यांनी दीड हजार मोजले, वरून खाली आणि खालून वर. मंगलनं मोजले. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं, म्हणून मीही मोजले. मंगलनं वहीचं पान फाडलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं, "पैसे पुरे मिळाले." खाली सही केली. अण्णांनी ते पान घेतलं आणि वाचतच राहिले.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"ह्यो पुरे नको."

"का? मिळालं की सगळं."

"पुरे म्हंजे सगळे बी, आन् पुरे म्हंजे आता नको बी. उद्या कोन म्हनंल, बाईनं कंटाळून बास म्हटलं आन् ह्येनं बुडवलं."

"आवं, कोन म्हनणार हाय?"

अण्णांनी पेन पुढं केलं.

"ह्यो माणूस देवाकडनं बी पावती लिहून घील," मंगल मला म्हणाली. पण तिनं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि खाली सावकाश एकेक अक्षर काढून लिहिलं, "बावीस हजार पाचशे रुपये होते. ते सगळे मिळाले. आता एक रुपयाही राहिला नाही." परत सही केली, आणि मुलीचीही घेतली.

अण्णांनी पान वाचलं. खोडायला काही सापडलं नाही.